मागे किती?

शहरातल्या टेकडीवर आमच्या सायकल ग्रुपचा नियम आहे: पायवाटेवर कुणी भेटलं की हळू व्हायचं आणि मागे किती जण आहेत ते ओरडून सांगायचं. मी कायम शेवटची, त्यामुळे "मागे कोणी नाही!" हे माझ्याच वाट्याला. फिरायला येणारे एक आजोबा खेकसायचे, "सायकली रस्त्यावर चालवा की!" आज उतारावर चाक घसरलं आणि मी सायकलसकट झुडपात गेले. हाका मारल्या, पण मंडळी केव्हाच पुढे गेलेली. शेवटी काठी टेकत, धापा टाकत आजोबा वर आले. "'मागे एक आहे' म्हणाले, म्हणून कडेला उभा राहिलो. माणसानं उभं तरी किती राहायचं?" पुटपुटतच त्यांनी मला उठवलं आणि आम्ही सायकल ढकलत निघालो. वळणावर एक बाई भेटल्या. मी तोंड उघडण्याआधीच आजोबा गरजले, "मागे कोणी नाही! आम्हीच शेवटचे!"