बस म्हणणारी तार

"मिस्त्री, हे इंजिन तासभर न थांबता चाललं नाही, तर माझी अर्धी मिशी तुझी!"

वायरमननं हे कुंपणावरून बोंब ठोकून सांगितलं. चार घरांत ऐकू गेलं नाही तर पैजेची मजा काय! इंजिन होतं त्याच्या दादाच्या ट्रॅक्टरचं. गवत कापायचा बुटका ट्रॅक्टर, वय वर्षं सव्वीस. शेजारच्या मिस्त्रीचा जन्म इंजिनं उघडण्यात गेलेला.

"अरे, एका सिलिंडरचा जीव तो," मिस्त्री म्हणाला. "रिंगा झिजल्यात, पेट्रोलपेक्षा तेल जास्त पितंय. तापलं की पाऊण तासात आडवं होतंय बघ."

"लागली?"

"लागली. चाललं तर माझी अर्धी तुझी. वस्तरा माझा. आणि चौकात, सगळ्यांसमोर."

वायरमनला एक गोष्ट ठाऊक होती. इंजिन थकलं म्हणून बंद पडत नव्हतं. सीटखाली एक स्विच होता. माणूस सीटवरून उठला की इंजिन बंद. दादाचं वजन बेताचं, सीटची स्प्रिंग ढिली. जरा खड्डा आला की दादा वर आणि इंजिन गप्प. मग वायरमननं रविवारी सकाळी, दादा दाढी करत असताना, एक बारीकशी तार उपसली आणि तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली. इंजिनाला बस म्हणणारी तेवढी एकच तार. आता सीटचा स्विच मुका, चावीही मुकी. तासाभरानं परत जोडू, कुणाच्या बापाला कळतंय! तो मनातल्या मनात इतका हसला की त्याला उचकी लागली.

नऊ वाजता दादानं इंजिन चालू केलं. हवा लागावी म्हणून बॉनेट उतरवलेलं. शेजारीपाजारी चहाचे कप घेऊन कुंपणाशी. उताराच्या तळाला, झाडाखाली, आई गवताकडे पाठ करून विणत बसलेली. तिला ऐकू येत नसे. सावली बघून खुर्ची वायरमननंच तिथं टाकली होती.

पंधरा मिनिटं. अर्धा तास. मिस्त्री घड्याळ बघेना, इंजिनाकडे कान लावून बसला.

"काय मिस्त्री, वस्तऱ्याला धार लावून ठेवलीस ना? तुझ्याच मिशीला लागणार आहे!"

"पाऊण तास होऊ दे," मिस्त्री म्हणाला.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला, उताराच्या वर, मागचं चाक एका झाडाच्या मुळावर चढलं आणि दादा सीटवरून उडाला. बाजूला गवतात पडला, कंबर धरून उठून बसला. लोक खो खो हसले. वायरमनही हसला.

ट्रॅक्टर थांबला नाही.

रिकामी सीट डुगडुगत तो उताराला लागला. पोटाखालची पाती फिरतच होती. समोर आईची पाठ होती, पांढरा अंबाडा, आणि खुर्चीमागे घरंगळलेला लोकरीचा गुंडा.

"आई!" दादा ओरडला. मग सगळेच ओरडले. आईनं एक टाका उसवला आणि परत घातला.

वायरमनच्या हातातला कप कधी पडला ते त्याला कळलं नाही. तो पळत होता. पाय आपले नव्हतेच जणू. बंद पड, तो म्हणत होता, बंद पड रे मेल्या, मर, आत्ता मर. एरवी खोकणारं, धूर ओकणारं ते इंजिन आज घंटेसारखं वाजत होतं. एक ठोका चुकवत नव्हतं. असं चाललं तर आणखी सव्वीस वर्षं चालेल, असं त्याला वाटलं.

गाठलं तेव्हा खुर्ची चार हातांवर होती. चावीचा उपयोग नाही, हे जगात त्याला एकट्यालाच माहीत होतं. चढून क्लच दाबायला वेळ नव्हता. तो बाजूनं वाकला आणि उघड्या इंजिनावरची, ठिणगी देणाऱ्या प्लगची टोपी हातानं उपटली. कोपरापर्यंत झटका बसला. तळहात चर्रकन भाजला.

इंजिन गचके खात थांबलं. पुढचं चाक लोकरीच्या गुंड्यावर होतं.

धागा ओढला गेला तशी आईनं मान वळवली. "झालं का रे गवत?"

त्यानं मान हलवली.

मिस्त्री मागून धापा टाकत आला. दादाला कुणीतरी उचलत होतं, आईला कुणीतरी हातवारे करून सांगत होतं. मिस्त्रीनं इंजिनावर हात ठेवला, मग खाली वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"चव्वेचाळीस मिनिटं," तो उठत म्हणाला. "हरलास."

संध्याकाळी चौकात उलट्या बादलीवर वायरमन बसला. उजव्या हाताला पट्टी. सगळी गल्ली झाडून जमली होती. आईला खुर्ची टाकून पुढंच बसवलेलं. ती सगळ्यांत जास्त हसत होती. मिस्त्रीनं फेस लावला आणि वस्तरा उघडला.

तेवढ्यात घरामागून आवाज आला. धड धड धड. दादानं राहिलेलं गवत कापायला घेतलं होतं.

वायरमन बादलीवरून उसळला. तोंडाला फेस, डोळे फाटलेले. तो इकडं तिकडं बघायला लागला. बादली गडगडत गेली.

"घाबरला! वस्तऱ्याला घाबरला!" गल्लीनं शिट्ट्या मारल्या.

मिस्त्री हसला नाही. त्यानं बादली आणून परत उलटी ठेवली, आईच्या खुर्चीला लागून. मग वायरमनच्या कानाशी वाकला.

"बस. तार मी जोडलीये."

वायरमन बसला. हनुवटी वर केली. वस्तरा फिरत होता तोवर त्याचा पट्टी बांधलेला हात आईच्या खुर्चीच्या पाठीवर होता, आणि घरामागचं इंजिन बंद होईपर्यंत तो त्यानं काढला नाही.