हे कोणी छाटलं?

मागच्या गॅलरीतून कात्रीचा आवाज आला तसा मास्तरीणबाईंनी गॅस बारीक केला. काल याच वेळी आला होता. परवाही.

त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मास्तर स्टुलावर बसून जुनिपरच्या बोन्सायची कुंडी हळूहळू फिरवत होते आणि शेंडे टिपत होते. हात पूर्वीसारखाच चालत होता, कुठे थरथर नाही की घुटमळणं नाही.

"महिनाभर हात लागला नाही याला," मान वर न करता ते म्हणाले. "नुसतं रान माजलंय बघ."

माजायला त्या झाडावर काही उरलंच नव्हतं. अर्ध्याअधिक फांद्या उघड्या पडल्या होत्या, एक तर पार तपकिरी झाली होती. मास्तरीणबाईंनी खाली पडलेला हिरवा कचरा सुपलीत ओढला.

"चहा झालाय. आत चला."

मास्तर उठले, कात्री कुंडीशेजारी ठेवून आत गेले. त्यांची सगळी नोकरी पोस्टात झाली. पण दर रविवारी ते हौशी मंडळींना बोन्साय शिकवायचे, म्हणून गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं. त्या ओघात बायकोही मास्तरीणबाई झाली. तिने जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं, आणि मास्तरांच्या झाडांना तर पाणी घालण्यापलीकडे तिने हात लावायचा नाही, असा घरातला कायदा होता.

चार दिवसांसाठी आलेली लेक गॅलरीत आली. तिने कात्री उचलली.

"आई, ही मी नेते. नाहीतर झाडच नेते माझ्याकडे."

"मागे एकदा लपवली होती मी. दिवसभर घरातले ड्रॉवर उघडत फिरले. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, माझं काही चुकलं का?"

"अगं, पण झाड मरेल अशाने."

"मरू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि सुपली झटकायला वळल्या.

मास्तर तोंड पुसत परत आले. एव्हाना ऊन कठड्यावरून खाली उतरून नेमकं झाडावर आलं होतं. ते दारातच थांबले. मग पुढे होऊन त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, तपकिरी फांदीवरून अंगठा फिरवला, बुंध्यापाशी वाकून पाहिलं.

"हे कोणी छाटलं?"

आवाज रविवारचा होता. कितीतरी दिवसांत तो या घरात ऐकू आला नव्हता.

लेक पुढे झाली. "बाबा, तुम्हीच—"

"मी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. "तू?"

"हात शिवशिवले माझे."

"हात शिवशिवले तर भाजी चिरायची. इकडे ये. ये इकडे, बघ." त्यांनी बायकोचं मनगट धरून तिचं बोट फांदीच्या टोकाला टेकवलं. "टोचतंय?"

"टोचतंय."

"या जुनिपरचा पाला मऊ असतो, खवल्यांसारखा. हे काटे त्याने आत्ता काढलेत. फार कापलं की ते असं काट्यावर येतं. याची सगळी ताकद पाल्यात. पाला ओरबाडलास तर मुळांनी जगायचं कशावर?"

"चुकलं."

"चुकलं म्हणून भागत नाही. आता दोन वर्षं याला कात्री दाखवायची नाही. भरपूर उन्हात ठेवायचं, कुंडी बदलायची नाही. माती वरून सुकली की मगच पाणी. शेंडे सुटतील तसे सुटू द्यायचे. वेडंविद्रं दिसेल. लोक हसतील, हसू देत. त्याच्या अंगात बळ आलं की आकाराचं मग बघू."

मास्तरीणबाई एकेक शब्द ऐकत होत्या. डोळे भरून आले होते, पण त्या रडत नव्हत्या. त्यांना वाटत होतं, यांनी असंच रागवत राहावं, जेवायची वेळ टळून गेली तरी.

"जगेल का हो?" त्यांनी विचारलं. त्यांना उत्तरापेक्षा तो आवाज हवा होता.

"जगेल. छळलं नाही कोणी तर जगेल." मास्तरांनी तिचं मनगट अजून सोडलं नव्हतं. "पण मला एक सांग, इतक्यांदा का छाटलंस? एकदा कापलेलं तुला दिसलं नाही?"

"लक्षातच राहिलं नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दर वेळी वाटायचं, महिनाभर याला हात लागलेला नाही."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला. त्यांनी तिचं मनगट सोडलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, रविवारच्या वर्गातल्या एखाद्या नवख्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"असू दे. होतं असं वयानं. घाबरू नकोस." मग ते म्हणाले, "मी आहे ना."

लेक भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"कात्री मात्र आता तुझ्या हाताशी नको," मास्तर म्हणाले. "कुठे आहे ती? माझ्याकडे दे."

कात्री लेकीच्या मुठीत होती. तिने ती आणखी घट्ट धरली आणि आईकडे पाहिलं.

"दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दे गं त्यांना."