उताराचा पाळणा

घरटी मिळणारं वर्षाचं एक लिटर पेट्रोल खिंडीच्या माथ्याशी संपलं. सदानंद चक्रावला. जुन्या गाडीची मागची सीट काढली, वारा अडू नये म्हणून चाकांवर ताटल्या ठोकल्या, तरी नातवाचं बारसं सात किलोमीटर लांबच! त्याने डिकी उघडली. आत सुटा केलेला शिसवी पाळणा.

“इंदू! मी नखाएवढं वजन उतरवतोय आणि तू हे…”

“मग बाळाला तुमच्या ताटल्यांत निजवू? पाळणा आजोळचाच लागतो, अहो!”

हसत हसत दोघांनी गाडी चार पावलं ढकलली आणि उतार लागताच आत उडी घेतली. समोरून वारा आला, पण पाळण्याचं वजन गाडीला पुढेच रेटत राहिलं. ना आवाज, ना धूर. इंदूने अंगाई धरली. ती संपली तेव्हा गाडी लेकीच्या अंगणात होती.