चौथी खिडकी

"पडदा ओढ आणि खाली बस. अजून खाली," फरशीवाला मुलीला म्हणाला.

बसला सोबत करणारी पोलिसांची गाडी पुलाशी येऊन मागे वळली, तेव्हाच त्याला पुढचं कळून चुकलं होतं. तोवर सगळं झकास चाललं होतं. दुसऱ्यांच्या मैदानावर, दुसऱ्यांच्या हजारो माणसांसमोर, आपला संघ शेवटच्या मिनिटाला एका गोलने जिंकला होता. बसमधल्या चाळीस बाप्यांनी खिडक्यांतून अर्धं अंग बाहेर काढून अशी काही गाणी म्हटली होती, की त्याला आठ वर्षांच्या भिंगरीचे कान दोन्ही हातांनी झाकावे लागले होते. भिंगरी म्हणजे त्याची लेक. कान झाकूनही तिला सगळे शब्द पाठ झाले होते. आता मात्र त्या चाळीस वाघांची दातखीळ बसली होती आणि ज्याने त्याने आपापला पडदा गच्च धरून ठेवला होता.

सकाळी निघताना बायको म्हणाली होती, "त्या हुल्लडबाजांत पोरीला नेऊ नकोस. घरची मॅच असेल तेव्हा ने."

"मी आहे ना," तो तोऱ्यात म्हणाला होता. बाहेरगावची मॅच बघायला तो आजवर कधीच गेला नव्हता. पण भिंगरी शाळेच्या संघात खेळायला लागली होती, महिनाभर तिने त्याचं डोकं खाल्लं होतं, आणि लेकीपुढे त्याचं कधी काही चाललं होतं?

"एवढा काय घाबरतोस रे?" पलीकडच्या सीटवरून मामांनी विचारलं. मामा म्हणजे निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं ते संघामागे गावोगाव हिंडत होते आणि अख्खी बस त्यांना मामा म्हणायची. "पूल उतरला की सुटलो."

"पुलावर काही होणार नाही. खालच्या वळणावर होईल," फरशीवाला म्हणाला. "तिथे बस हळू होते. ते डाव्या हाताला कठड्यावर उभे असतील. पुढची काच नाही फोडणार. ड्रायव्हर बिथरला तर बस त्यांच्याच अंगावर यायची. मधल्या खिडक्या धरतील. तिसरी, चौथी."

मामांनी मान वळवून खिडक्या मोजल्या. बापलेक डावीकडच्या चौथीपाशी होते. जागा बदलायची तर मधल्या वाटेत ड्रम, पिशव्या आणि झेंड्यांच्या काठ्या रचलेल्या. फरशीवाल्याने भिंगरीला दोन सीटांच्या मधे जमिनीवर बसवलं आणि तो तिच्यावर ओणवा झाला. फरश्या बसवत आयुष्य गुडघ्यांवर काढलेला माणूस तो, आजही गुडघ्यांवरच होता. लेकीला काही झालं तर, या एका विचारापुढे त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

बस पूल उतरली, वळणावर हळू झाली आणि थांबली. पुढे एक ट्रक आडवा लागला होता.

पहिली वीट मागच्या बाजूला बसली. काच खळकन खाली आली. कुणीतरी "आई गं" म्हणालं, आणि ते एरवी सगळ्यात मोठ्याने शिव्या देणारं माणूस होतं. दुसरी वीट पत्र्यावर आदळली. ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसला. फरशीवाल्याने डोळे मिटून घेतले. आता पुढची, तो मनाशी म्हणाला. आता आपली.

"बाबा, मला श्वास घेता येत नाहीये," भिंगरी म्हणाली, आणि त्याच्या काखेखालून सुळकन बाहेर निसटली. त्याने डोळे उघडले तेव्हा ती सीटवर उभी होती. तिने पडदा सर्रकन बाजूला केला होता.

काचेपासून चार हातांवर कठड्यावर एक माणूस उभा होता. अंगात दुसऱ्या संघाचा शर्ट, दाढीचे खुंट वाढलेले, हात डोक्यामागे नेलेला, हातात अर्धी वीट. भिंगरी त्या माणसाकडे बघत राहिली आणि तो तिच्याकडे. मग त्याने हात हळूच खाली आणला आणि वीट पाठीमागे लपवली. मागे वळून तो कुणाला तरी ओरडून म्हणाला, "थांबा रे, आत पोरं आहेत!"

ट्रक हलला. बस सुटली.

हमरस्ता लागेपर्यंत कुणी पडदा उघडला नाही. मग एकेकाची जीभ सैल झाली, मागे काच झाडायला कुणी चप्पल काढली, कुणी उगाचच हसलं. फरशीवाल्याने लेकीला मांडीवर घेतलं होतं आणि तो तिच्या डोक्याचे, गालांचे, हातांचे पुन्हा पुन्हा पापे घेत होता.

"बाबा, त्या काकांनी वीट का नाही मारली?"

"त्यांना तू दिसलीस."

भिंगरी त्याच्याकडे वळली. "तू तर पहिल्यांदाच आलायस ना असा? मग ते कुठे उभे राहणार, कुठली खिडकी धरणार, हे तुला कसं माहीत?"

पलीकडे मामांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. थाप मारणं सोपं होतं, आणि भिंगरीला बाबाचं सगळंच खरं वाटायचं.

"आपल्याकडे त्यांची बस येते, तेव्हा वीट माझ्या हातात असते," तो म्हणाला. "गेल्या वर्षी आतून कुणी पडदा उघडलाच नाही."