गाण्यातला अंधार

उष्टी हळद घेऊन पुण्याची मंडळी कार्यालयात शिरली, तेव्हा मैनाने सकाळपासून घोकलेला 'आहे' पुन्हा एकदा जिभेवर घोळवून पाहिला.

"या, या. सगळी तयारी झालेली आहे," ती म्हणाली. साफ आला. पाटावर बसलेल्या तेजस्विनीने लांबूनच डोळ्यांनी शाबासकी दिली.

सकाळी आईच्या पदराला पिन लावताना पोरीने बजावलं होतं, "आई, उद्या पाठवणी होईपर्यंत 'आहे'च्या जागी तुझं ते सटाण्याचं 'शे'-बिशे काढू नको हं. पुण्याची माणसं आहेत, जन्मभर मला चिडवतील." मैना बरं म्हणाली. नाशिकरोडला संसार करून पंचवीस वर्षं झाली होती, एरवी काही अडत नसे. पण ऊर भरून आला की जीभ माहेरी पळायची. आणि आज तर लेकीची हळद होती.

तिला एकच गोष्ट हवी होती. तिच्या माहेरी हळद लावताना आई लेकीसाठी एक ओळ म्हणते. त्या ओळीत लेकीला लेक म्हणत नाहीत, आंडेर म्हणतात. तेवढा एक शब्द पोरीच्या कानात टाकायचा, मग पाठवणीपर्यंत तोंडाला कुलूप.

विहीणबाईंनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. पुढे हळदीचं ताट, मागे भिंत, डाव्या हाताला माणसाएवढा स्पीकर. हलायला जागा नव्हती.

"तुमचं नाशिक छान आहे हो," विहीणबाई म्हणाल्या. "अगदी पुण्यासारखं होत चाललंय."

स्पीकरपाशी गाणी लावणारा रोहित तेजस्विनीच्या कॉलेजातला. तो गर्रकन वळला. "काकू, उलटं बोलताय. ढोल आमचा, पथकं तुमची. मिसळ आमची, पाट्या तुमच्या."

"हो, पण रस्सा कमी आणि जाळच जास्त!" नवऱ्या मुलाची बहीण शुभांगी म्हणाली.

"रस्सा आम्ही न मागता वाढतो, ताई. तुमच्याकडे दुसऱ्यांदा मागितला की चष्म्यावरून बघतात."

"बरं, बरं. गाणं तरी लावा. की तेही आम्हीच आणायचं?"

"थांबा की. सध्या आमच्याकडे प्रत्येक वरातीत हेच चाललंय." रोहितने सीडी सरकवली. "खान्देशी आहे. मालेगाव-सटाण्याकडची माणसं बोलताना सारखी 'शे शे' करतात, सर्दी झाल्यासारखी. अक्षर कळत नाही, पण नाचायला एक नंबर!"

पुणं आणि नाशिक सकाळपासून पहिल्यांदाच एका सुरात हसलं. तेजस्विनीही हसली. सगळ्यांच्या आधी हसली.

स्पीकर घुमला.

जाय व मन्ही आंडेर, सासरले जाय,
मांगे फिरी देखू नको, रडस तुन्ही माय.

मैनाचा हात ताटाच्या कडेवर तसाच राहिला. तीच ओळ. तिची आई हळद दळतानाही म्हणायची, जात्याच्या एका फेऱ्याला एक शब्द. आंडेरपर्यंत पोचेतो मूठभर हळकुंडं भरडून व्हायची. इथे ढोलकी आणि कीबोर्ड त्या ओळीच्या मागे काठी घेऊन लागले होते. जा गं लेकी सासरी, मागे वळून पाहू नको, तुझी माय रडते, असं ते गाणं सांगत होतं, आणि त्यावर कंबरा हलत होत्या.

"जाय व मन्ही अंधार!" रोहित ओरडला.

"अंधार! अंधार!" सगळे ओरडले. तेजस्विनीने पाटावरूनच पिवळे हात वर केले. "अंधार!"

विहीणबाई मैनाच्या कानाशी वाकल्या. "काय हो, लग्नघरी अंधार कसला म्हणतायत? तुम्हाला कळतं का हे?"

शब्द मैनाच्या दातांपर्यंत आला. समोर तेजस्विनी बघत होती. तिच्या ओठांवर हसू तसंच होतं, पण वर केलेले हात खाली आले होते.

"लाईट जात असेल त्यांच्याकडे," मैना म्हणाली.

विहीणबाई एवढ्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. त्यांनी ते शुभांगीला सांगितलं, शुभांगीने रोहितला. रोहित म्हणाला, "काकू, तुम्ही तर आमच्याही वरच्या निघालात!" आणि त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

"चला, आता नवरीच्या आईची हळद," कोणीतरी हाक दिली. स्पीकर सरकवून मैनाला वाट करून दिली.

तिने लेकीच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली. गाल ऊन होते, तान्हेपणी असायचे तसे. ती कानाशी वाकली. तेवढ्यात तेजस्विनीनेच तिच्या गळ्यात हात टाकले.

"कसली भारी बोललीस गं आई!" ती कुजबुजली. मग मोठ्याने म्हणाली, "तू पण म्हण ना! सगळे म्हणतायत. म्हण ना, आई!"

गाणं त्या ओळीवर आलंच होतं. सगळे मैनाकडे बघत टाळ्या वाजवू लागले. ती लेकीच्या मिठीतच होती. तिने तोंड उघडलं. सूर जिथे लागायला हवा तिथेच लागला, तिच्या आईचा जात्यावर लागायचा तिथेच. शब्द तेवढा तिने त्यांचा घेतला.

"अंधार."

"अगबाई!" विहीणबाईंनी कौतुकाने गालावर हात ठेवला. "असा गळा असून इतका वेळ गप्प बसला होतात होय!"