किटलीचा विमा

"किटलीचं वजन किती असेल?" सुपरवायझरने विचारलं.

"वजनाचा काय संबंध?" काका म्हणाले.

"आहे ना, काका. साध्या करारात भरपाई वजनावर मिळते. फ्रिज फुटो नाहीतर किटली, किलोमागे दर एकच. तुमची किटली भरेल अर्धा किलो. म्हणजे दोन कप चहाचे पैसे येतील हातात."

"मग पूर्ण किमतीचा विमा करा. आणि ती तुमच्याच माणसांनी बांधायची. तुमच्याच."

घरसामान हलवणाऱ्या कंपनीचा हा सुपरवायझर सकाळपासून काका-काकूंच्या घरात यादी करत होता. गिऱ्हाईक ऐको न ऐको, तो एकूण एक अट वाचून दाखवायचा. त्याला कारणही होतं. या वर्षी त्याच्या टोळीवर भरपाईचे दोन दावे झाले होते. तिसरा झाला की टोळी हातातून जाणार आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कमरेला पट्टा बांधून, पुन्हा पाठीवर कपाटं वाहायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

किटली काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर होती. पांढरी, चिनी मातीची, निळ्या फुलांची, काकूंना त्यांच्या वडिलांनी दिलेली. तिच्यातून चहा कुणी प्यायल्याचं आठवत नव्हतं. काकांच्या हातून संसारात तीन बरण्या, दोन थर्मामीटर आणि शेजाऱ्यांची एक कुंडी फुटली होती, त्यामुळे किटलीला हात लावायची त्यांना सक्त मनाई होती.

एका हेल्परने कपाटाचं दार उघडलं, तशा काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"थांबा! ती मी बांधणार."

"बांधा की," सुपरवायझर म्हणाला, "पण मग यादीत 'मालकाने बांधलं' असं लिहावं लागेल. आत काय आणि कसं ठेवलंय ते आम्ही बघितलेलं नसतं. खोकं वरून शाबूत आणि आत चुरा निघाला, तर कंपनी जबाबदार नाही."

"नसू दे."

"अगं, ही माणसं रोज हेच करतात," काका अजिजीने म्हणाले. "तू कशाला त्रास घेतेस? विम्याचे पैसे भरतोय ना आपण?"

"इतकी वर्षं मीच सांभाळली. आजच त्रास होणार आहे का?"

सुपरवायझरला गंमत वाटली. बायकोच्या माहेरच्या किटलीसाठी एवढा जीव टाकणारा नवरा त्याने पाहिला नव्हता. त्याला हे जोडपं आवडलं, अगदी मनापासून आवडलं.

काकूंनी किटली मोठ्या टॉवेलात धरून आतल्या खोलीत नेली आणि दार लावून घेतलं. तेवढ्या वेळात हेल्परांचं अर्धं स्वयंपाकघर बांधून झालं. काकू बाहेर आल्या तेव्हा खोक्याला चहूबाजूंनी इतका टेप होता की पुठ्ठा दिसत नव्हता.

"नीट बसली?" काकांनी विचारलं.

"बसली."

काका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग चष्मा पुसायला लागले.

नवं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. ते खोकं सुपरवायझरने कुणाच्याच हाती दिलं नाही, स्वतः छातीशी धरून जिना चढला. शेवटच्या पायरीवर त्याचा पाय पायपुसण्यावरून सरकला. खोकं कोपऱ्यावर आपटलं आणि आतून खळ्ळकन आवाज आला.

सुपरवायझर पायरीवरच बसला आणि खिशातून फॉर्म काढला.

"अहो, काय लिहिताय?" काकू म्हणाल्या. "मी बांधलं होतं ना? तुमचीच अट आहे."

"खोक्याचा कोपरा चेपलाय, काकू. बाहेरून मार दिसत असला की ती अट लागत नाही. माझ्या हातून पडलं, तेच लिहायचं."

"साहेब, तिसरा दावा होईल हा," मागून हेल्पर कळवळून म्हणाला. "टोळी जाईल तुमची!"

"जाऊ दे. वडिलांची आठवण होती त्यांची. कागदावर खोटं कसं लिहू?"

पेन कागदाला टेकलं आणि काकांनी ते हिसकावूनच घेतलं.

"लिहू नका. किटली आधीच फुटलेली होती." काका म्हणाले. "मी फोडली. चार महिने झाले. अगं, तू बहिणीकडे गेली होतीस. धूळ पुसायला म्हणून नुसती उचलली, तर कान माझ्या हातात आणि बाकीची फळीवर उकललेली! तुकडे एकमेकांना टेकवून कशीबशी उभी केली. म्हटलं, यांच्या माणसाने हात लावला की यांच्याच हातात सुटेल, विमा आहेच. माझ्या हातून काय काय फुटलं, तू सगळं पोटात घातलंस. पण ही तुझ्या वडिलांची. माझं धाडसच झालं नाही. आणि या भल्या माणसाच्या पोटावर पाय येईल, हे मला सुचलंसुद्धा नाही."

बोलता बोलता काका चक्क रडायला लागले. पुढे काय होणार या धास्तीने हेल्पर हळूच दोन पायऱ्या खाली उतरले.

काकू काकांच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

"अहो, रडू नका," त्या म्हणाल्या, "ती मी फोडली होती, अकरा वर्षांपूर्वी. गोंदाने चिकटवलेली होती."