वरच्या फळीवरचं मशीन

“साफ करा दादा, अगदी नव्यासारखं करा. पण आमच्या यजमानांना इतक्यात परत देऊ नका,” गेमचं मशीन दुकानात घेऊन आलेल्या बाई हळूच म्हणाल्या होत्या. “संध्याकाळी घरी आले की त्या व्हिडिओ गेमसमोरच बसतात. मी बोलले तर वाद होतो. पार्ट मिळत नाही म्हणून सांगा. शब्द द्या मला.”

दुरुस्तीवाल्याने शब्द दिला. काम तसं किरकोळच होतं. मशीनच्या पंख्यात अडकलेली धूळ त्याने ब्रशने काढली, डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसली, आणि अडखळणारा गेम सुरळीत चालायला लागला.

काही दिवसांनी यजमान स्वतःच दुकानात आले. आता तोंडावर खोटं बोलायचं म्हणून दुरुस्तीवाला काउंटरवरचे स्क्रू उगाच चाळायला लागला.

“साहेब, तो पार्ट...”

“मिळत नाही ना? फार छान!” यजमान काउंटरवर वाकले. “मिळाला तरी बसवू नका. मी खेळायला बसलो की आमची ही ‘चालू द्या तुमचं’ म्हणून जपमाळ घेऊन आत जायची. मशीन इथे आल्यापासून रोज गॅलरीत बसून माझ्याशी गप्पा मारते हो! पण हे तिला कळता कामा नये, नाहीतर जन्मभर ऐकवेल. शब्द द्या.”



दुरुस्तीवाल्याने त्यांनाही शब्द दिला, आणि ते गेल्यावर स्टूल ओढून तो मशीनसाठी सगळ्यात वरच्या फळीवर जागा करायला लागला.